ममता कोणाशी, कडकपणा कोणाशी? इंदूरमधल्या एका घराचं प्रकरण

इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात गेल्या वर्षी जे घडलं, त्याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. प्रकरण पैशांचं होतं, पण पहिल्याच बैठकीत ते देव कसा आहे या प्रश्नावर येऊन ठेपलं. पाद्रीसाहेबांनी मला त्या घराबरोबर बसायला सांगितलं. मी मंडळीत अशी कामं पाहते, आणि देव दयाळू की कठोर हा वाद अनेक घरांत ऐकला आहे. बहुतेक ठिकाणी तो गप्पांसारखा चालतो आणि चहाबरोबर संपतो. इथे त्यावर चौदा बायकांचे पैसे अवलंबून होते.

घर मूळचं अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ मध्ये ठाणं उभारलं, आणि त्या परिसरातली पुष्कळ ख्रिस्ती घरं आपला इतिहास तिथूनच मोजतात. आजोबा इस्पितळातल्या नोकरीसाठी इंदूरला आले ते इथलेच झाले. इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७ मध्ये सुरू झालं, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्या परंपरेतल्या मंडळ्या त्यात आल्या. रविवारची उपासना हिंदीत आणि घरातली प्रार्थना मराठीत, अशी या कुटुंबाची तिसरी पिढी चालू आहे. आई निवृत्त परिचारिका. नारायण वामन टिळकांची गीतं तिला लहानपणापासून पाठ आहेत, आणि त्यांत ख्रिस्ताला आई म्हणून मारलेली हाक तिच्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे. वडिलांना सट्ट्याचा नाद होता. ते काही वर्षांपूर्वी वारले.

काय घडलं

मंडळीतल्या बायकांची नाताळची बचत ही जुनी पद्धत. या आईशिवाय चौदा जणी, प्रत्येकीचे दरमहा १,००० रुपये, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिचे तिला परत. पूर्वी पैसे आईच्या कपाटातल्या डब्यात असत. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि पैसे धाकट्या मुलाच्या खात्यात जमा होऊ लागले. तो एका दुकानात हिशेब लिहितो, उपासनेत कीबोर्ड वाजवतो. बचतीची वहीही त्याच्याकडेच असे.

जानेवारी ते ऑक्टोबर दहा हप्ते झाले, म्हणजे १,४०,००० रुपये. नोव्हेंबर लागताच एका मावशींनी आपले दहा हजार आधी मागितले. त्या विजयनगर भागात चार घरी पोळ्या करतात आणि मुलीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. दोनदा "परवा देतो" असं झालं. तिसऱ्या वेळी मावशी घरीच आल्या, आणि आईच्या देखत त्याला सांगावं लागलं की खात्यात चारशे रुपये उरले आहेत. क्रिकेटवरच्या मोबाइल सट्ट्यात मार्चपासून थोडे थोडे करत सगळे गेले होते. वही मी नंतर पाहिली. हिशेबनिसाचं सुबक अक्षर, प्रत्येक नावापुढे तारीख, रक्कम, "जमा", आणि महिन्याच्या शेवटी लाल शाईत बेरीज. मार्चनंतरच्या पानांवरही तशीच बेरीज, कुठे खाडाखोड नाही. तो सात महिने दर महिन्याला बसून ही बेरीज लिहीत होता.

आठवड्याभरात तो स्कूटरवरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं.

कोण काय म्हणत होतं

थोरला भाऊ सरकारी खात्यात अभियंता आहे. अपघाताची बातमी कळल्यावर तो आईला म्हणाला, "आई, देवानंच दाखवून दिलं. ज्या हातानं केलं तोच हात." त्याला पोलिसांत तक्रार हवी होती, धाकट्याला प्रभुभोजनातून, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीतून, वगळायला हवं होतं आणि मंडळीसमोर नाव घेऊन जाहीर करायला हवं होतं. त्याच्याकडे बायबलमधलं वचन तयार होतं: रोमकरांस पत्र ११:२२. देवाची ममता आणि कडकपणा दोन्ही पाहा, असं प्रेषित पौल तिथे म्हणतो. थोरल्याचं म्हणणं, या घरात आजवर सगळ्यांनी ममताच पाहिली, बाबांच्या वेळीही, आणि त्याचंच हे फळ.

आईला पाटल्या विकून एका फटक्यात पैसे फेडायचे होते आणि त्यानंतर या विषयाचं नाव काढायचं नव्हतं. तिचा आधार लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, पैसे उडवून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट. बाप धावत गेला, गळ्यात पडला, हिशेब मागितला नाही. "देवानं पोटाशी धरलं तर माणसांनी काय म्हणून धरून ठेवायचं?" हे ती मला रडत विचारत होती, आणि त्या प्रश्नात लबाडी नव्हती.

धाकटा वाद घालत नव्हता. त्याने चर्चला जाणं सोडलं होतं. खूप विचारल्यावर त्याने बायबलच्या निर्गम पुस्तकातलं वचन सांगितलं, वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पुत्रांचा समाचार घेणाऱ्या देवाचं. "हे आमच्या रक्तातच आहे, ताई. बाबांचं माझ्यावर आलं." नातेवाइकांना हे पश्चात्तापाचं लक्षण वाटलं. मला ती निराशा वाटली, आणि तिला एक सोयीची बाजूही होती. शापच असेल तर मार्च महिन्यात पहिले पाचशे रुपये लावणारा माणूस कोणीच उरत नाही.

म्हणजे घरात एकाने कठोर देव घेतला, एकीने दयाळू घेतला, आणि तिसरा दोघांच्या मध्ये चेंगरला. देवाची अशी वाटणी फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या पोंत प्रांतातल्या सिनोप गावचा मार्सियन नावाचा जहाजमालक रोमला आला. त्याने तिथल्या मंडळीला २,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) एवढी मोठी देणगी दिली आणि पुढे शिकवायला लागला की जुन्या करारातला न्याय करणारा देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, आणि टर्टुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो त्याप्रमाणे त्याची देणगीही परत केली. देव एकच आहे, हे त्यांना त्या पैशापेक्षा मोलाचं वाटलं.

ज्यांचे पैसे गेले त्या

पाद्रीसाहेबांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. घरच्यांची बैठक घेण्याआधी त्यांनी चौदा बायकांना बोलावलं. तोवर सगळी चर्चा धाकट्याच्या आत्म्याची चालली होती. त्याला माफ करायचं की शिक्षा करायची, त्याचं काय होईल, वगैरे. या बायकांचं नाव फक्त वहीत होतं.

बैठकीत त्यांना स्पष्ट सांगितलं की पोलिसांत जायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि मंडळीतलं कोणीही वचन दाखवून त्यांना अडवणार नाही. हे आधी सांगणं मला अत्यावश्यक वाटतं. चर्चमध्ये क्षमेचा उपदेश बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालं त्यालाच ऐकवला जातो. त्या दिवशी शिक्षिका, परिचारिका, पेन्शनवर राहणाऱ्या दोन बायका, सगळ्या बोलल्या. दोघीतिघींनी आईकडे बघून लगेच "जाऊ द्या" म्हटलं. तेव्हा पोळ्या करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मला त्याला तुरुंगात नाही घालायचं. लहानपणापासून बघतेय मी त्याला. पण जाऊ द्या असं माझ्या पैशाबद्दल दुसऱ्या कोणी म्हणायचं नाही."

या प्रकरणात माझ्या कानांवर पडलेलं सर्वांत शास्त्राला धरून वाक्य हेच होतं.

वचनं पुन्हा वाचताना

लूक १५ पासून सुरुवात केली, कारण आईचं सगळं त्यावर उभं होतं. त्या गोष्टीतल्या मुलाने उधळलं ते स्वतःच्या वाट्याचं होतं. बापाने जिवंतपणी वाटणी करून दिली होती, आणि मुलगा परतल्यावर नुकसान सोसणारा बापच होता. क्षमा करायचा अधिकार त्याचा होता, म्हणून तो धावू शकला. इथे गेले ते मावशींचे पैसे. आईला त्यांच्या वतीने धावता येणार नव्हतं. दुसऱ्यांच्या पैशाचा मामला लूकने चारच अध्याय पुढे सांगितला आहे: जक्कय जकातदार. येशू स्वतः होऊन त्याच्या घरी उतरायला जातो, लोक कुरकुरतात, आणि कोणी न मागता जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. तारण आज या घराला झालं आहे, हे येशूचे शब्द त्यानंतर येतात. येशू घरात आधी आला, परतफेड मागून आली. पण ती आली, आणि रुपयांत मोजता येईल अशी आली. आईने हे दोन्ही अध्याय एकामागून एक मोठ्याने वाचले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "चौपट कुठून देणार तो?" त्या क्षणापासून ती मावशींच्या बाजूने विचार करू लागली होती.

धाकट्यासाठी निर्गम ३४ उघडलं. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्यानंतरचा हा अध्याय आहे, मोशेने आज्ञांच्या पाट्या फोडल्यानंतरचा. देव मोशेला आपली ओळख सांगतो तेव्हा आधी दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा सागर, हजारांवर दया करणारा असं सगळं येतं, आणि मग अपराध्याची गय न करणारा, तिसऱ्या-चौथ्या पिढीचं ते वाक्य. त्याने फक्त शेवट पाठ केला होता. हजार आणि तीन-चार, हे प्रमाण हिशेबनिसाला वेगळं समजवावं लागलं नाही. त्याबरोबर यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचला. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा म्हणायची नाही, असं देव तिथे बजावतो. मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. बापाचं व्यसन मुलाच्या वाट्याला येतं, त्याच्या सवयी, त्याची कर्जं घरात राहतात, हे आम्ही कोणीच नाकारलं नाही. पण देवाने मोजून दिलेली शिक्षा म्हणून ते स्वीकारायचं नाही. हा अध्याय ऐकायला मऊ वाटतो, पण तो शापाची पळवाट बंद करतो. मार्चमधले पाचशे रुपये त्याचेच ठरतात. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी देव विचारतो, तुम्ही का मरता? फिरा आणि जगा.

थोरल्याबरोबरचं बोलणं सर्वांत अवघड गेलं. त्याचा राग खरा होता. वडिलांच्या सट्ट्यापायी त्याने कॉलेजची फी स्वतः शिकवण्या घेऊन भरली होती. कडकपणा त्याला पोथीतून सुचलेला नव्हता. मी त्याला रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून वाचायला सांगितला. पौल तिथे जैतुनाच्या झाडाबद्दल बोलतो. मूळच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि रानटी जैतुनाची फांदी त्या जागी कलम केली गेली. पौल बोलतो आहे ते कलम झालेल्या फांदीशी. तुटलेल्यांपुढे फुशारकी मारू नकोस, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे. गर्व करू नको, भीती बाळग. त्यानंतर ते बाविसावं वचन येतं, की ममता आणि कडकपणा दोन्ही पाहा, आणि तू त्या ममतेत राहिला नाहीस तर तूही छाटला जाशील. पडलेल्याच्या तोंडावर फेकायला ते वचन लिहिलेलंच नाही. उभा असलेल्याने ते स्वतःला वाचून दाखवायचं आहे. आणि पडलेल्यांसाठी पौल लगेच तेविसाव्यात सांगतो: त्यांना पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे. थोरला तेविसाव्या वचनापर्यंत कधी गेला नव्हता.

मोडलेल्या मनगटाचाही प्रश्न होताच. लूक १३ मध्ये लोक येशूकडे पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी घेऊन येतात, आणि तो स्वतः शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांची आठवण काढतो. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? तो स्वतःच उत्तर देतो: नाही. अपघातावरून अपराध मोजायचा हिशेब तो तिथेच बंद करतो. पण पुढचं वाक्य कडक आहे, आणि ते विचारणाऱ्यांना उद्देशून आहे: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. दुसऱ्याची बायको घेणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हाही असंच झालं. दावीदाने संतापून चौपटीचा निवाडा दिला, आणि मग कळलं की आरोपी तोच आहे.

मला या प्रकरणात पटलेलं सांगते. देवाच्या ममतेत थोडा कडकपणा मिसळून मधला मार्ग काढायचा, असं आपण समजतो आणि म्हणून कायम चुकीच्या माणसाला चुकीचं देतो. शास्त्र त्यांचं मिश्रण करत नाही. ते दिशा ठरवतं. ज्याचं गेलं त्याची बाजू देव सोडत नाही, म्हणून ज्याने घेतलं त्याला परत करावं लागतं. मावशींवरची ममता धाकट्याला कडकपणा म्हणूनच अनुभवाला येणार. आणि जो बाहेर उभा राहून निवाडा करतो, त्याच्याकडे सगळ्यात कडक वाक्य वळतं. स्तोत्र १३० मध्ये हे एका ओळीत आहे: तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून तुझं भय धरतात. हे वाचल्यावर आई म्हणाली की भय क्षमेनंतर येतं हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काय ठरलं

चौपट शक्य नव्हती, आणि जक्कयाने ती स्वतःहून कबूल केली होती, कोणी लादली नव्हती. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात साधा नियम आहे: अपराध कबूल करायचा, पूर्ण रक्कम परत द्यायची आणि वर पाचवा हिस्सा. १,४०,००० वर पाचवा हिस्सा २८,०००, एकूण १,६८,०००. धाकट्याच्या पगारातून दरमहा ७,००० प्रमाणे चोवीस महिने. हा हिशेब त्याने स्वतः डाव्या हाताने लिहिला, चौदा जणींच्या समोर. दोघीतिघींनी वरचा हिस्सा नको म्हटलं. पाद्रीसाहेबांनी सांगितलं की तो प्रत्येकीचा हक्क आहे, घेऊन कोणाला द्यायचा तर तिने द्यावा.

आईने पाटल्या विकायच्या नाहीत असं ठरलं. आईने फेडलं असतं तर वही पुन्हा एकदा खोटी बेरीज दाखवली असती. पण ज्यांना पैसे ताबडतोब हवे होते अशा तिघींचं चोवीस महिने थांबणं हाही अन्यायच होता. तेव्हा थोरल्याने, कोणी न सुचवता, ३०,००० रुपये काढून दिले. मावशींचे दहा हजार त्याच संध्याकाळी पोचले. ती रक्कम धाकट्यावर दादाचं कर्ज म्हणून लिहिली. थोरल्याने तेव्हाही भावाला क्षमा केली असं म्हटलं नाही, आणि आम्ही त्याला म्हणायला लावलं नाही.

बचतीचा हिशेब आणि कीबोर्ड दोन्ही त्याच्याकडून काढून घेतले. मंडळीसमोर सांगताना फक्त एवढंच सांगितलं की बचतीत अपहार झाला आहे, संबंधितांना कळवलं आहे आणि परतफेड ठरली आहे. प्रभुभोजनातून मात्र वगळलं नाही. त्यावर वाद झाला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल एका माणसाला बाहेर काढायला सांगतो, हे मंडळीतल्या एका ज्येष्ठ सभासदाने काढलं. दुसऱ्या पत्रात तोच पौल म्हणतो की बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर दुःखात बुडून जाईल. दोन्हीकडचा माणूस एकच की वेगळा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एकाच मंडळीला एकदा "काढा" आणि एकदा "आता थांबा" असं सांगावं लागलं, हे तर दिसतंच. आमच्यापुढे बसलेला माणूस कबूल करून हप्ते लिहून देत होता. त्याच्या बाबतीत थांबायची वेळ आली होती.

सट्टा सुटायला नुसती प्रार्थना पुरत नाही, हे आईला परिचारिका म्हणून माहीत होतं. तिनेच मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून त्याला बोलायला बसवलं, तिथून तो समुपदेशकाकडे जाऊ लागला. पगाराच्या खात्यावर दादाची नजर आहे. ही अट धाकट्यानेच मागितली.

मधल्या एका महिन्यात हप्ता चुकला. पुन्हा सट्टा लावला होता, नऊशे रुपयांचा. या वेळी त्याने त्याच रात्री दादाला सांगितलं. दादा खूप चिडला, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन समुपदेशकाकडे गेला. चुकलेला हप्ता पुढच्या दोन महिन्यांत विभागून भरला गेला.

आज हप्ते चालू आहेत. नवी वही एका शिक्षिकाबाईंकडे आहे आणि पैसे आता बायकांच्या मंडळाच्या नावाने उघडलेल्या, दोन सह्यांच्या खात्यात जातात. हा बदल खरं तर फार आधीच व्हायला हवा होता. धाकट्याने कीबोर्डसाठी विचारलं आहे. निर्णय चौदा जणींनी करायचा असं ठरलं होतं. अकरा जणी हो म्हणाल्या, तिघी अजून नको म्हणाल्या, त्यांत मावशी आहेत. त्यांचं म्हणणं, सगळे हप्ते फिटू देत. त्यांना कोणी समजवायला गेलं नाही. शेवटच्या हप्त्यानंतर पुन्हा विचारायचं आहे.